बर्नलीत घर: भाड्याचं की विकतचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ वर्षं मी इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या बर्नली गावात राहते आणि हिशेबनिसाचं काम करते. इथली मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. पण हॉस्पिटलांत नोकरीला येणारे नर्स-डॉक्टर आणि विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतले इंजिनिअर यांच्यामुळे महिन्याला एखादा तरी फोन येतोच, आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे. मी वकील नाही, कर्जाची दलालही नाही. पैसे गुंतवण्याआधी त्या त्या माणसाला गाठा.

बर्नलीत घरं इतकी स्वस्त कशी? काहीतरी भानगड असणार.

भानगड आहे, पण लपवाछपवी नाही. हे गिरण्यांचं गाव. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इथे लाखभर माग चालत. १९११ च्या जनगणनेत गावाची वस्ती लाखाच्या वर होती. मग कापड गेलं, मागोमाग कोळशाच्या खाणी गेल्या, आणि १९७१ पर्यंत वस्ती पाऊण लाखाच्या आसपास आली. माणसं गेली तरी घरं जागच्या जागी राहिली. मुंबईत वाढलेल्या माणसाला हे पटकन पचत नाही. आपल्याकडे घर कमी आणि माणसं जास्त. इथे कित्येक वर्षं उलटं होतं.

गिरणगावची आठवण येतेच. मुंबईच्या गिरण्यांतले माग मोठ्या प्रमाणावर लँकेशायरहूनच आले होते. इथल्या हार्ल साइक भागातली क्वीन स्ट्रीट मिल ही वाफेवर चालणारी गिरणी १९८२ मध्ये बंद पडली, त्याच वर्षी दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. पुढची कथा मात्र वेगळी. परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले कारण जमिनीला सोन्याचा भाव होता. बर्नलीत जमिनीला भावच नव्हता.

स्वस्त म्हणजे नेमकं किती?

गेल्या एक-दोन वर्षांत बर्नलीतली सरासरी किंमत सव्वा लाख पौंडांच्या आगेमागे राहिली आहे. इंग्लंडची सरासरी जवळजवळ तीन लाख. सरासरीत सगळं धरलेलं असतं, त्यामुळे रोझहिल किंवा वर्स्थॉर्नकडचं बाग असलेलं घर तीन लाखांनाही जातं, आणि डेन्सहाउस किंवा ट्रिनिटीकडचं दोन खोल्यांचं जुनं घर साठ-सत्तर हजारांनाही मिळतं. कौन्सिल टॅक्स (इथल्या नगरपालिकेची घरपट्टीच म्हणा) बहुतेक घरांना सगळ्यात खालच्या ‘ए’ गटाचा, म्हणजे १९९१ च्या भावाने चाळीस हजारांपर्यंतचं घर. सगळ्यात खालचा असला तरी वर्षाला दीड हजार पौंडांच्या वर जातो, हे आधी धरा. भाडेकरूलाही तोच भरावा लागतो.

म्हणजे इथल्या कामगाराला घर परवडतं?

कागदावर परवडतं. सरकारी सांख्यिकी खातं दरवर्षी एक गुणोत्तर काढतं: घराची मधली किंमत भागिले वर्षाचा मधला पगार. २०२४ मध्ये इंग्लंडसाठी ते ७.७ होतं. बर्नलीचं चारच्या आसपास, म्हणजे देशातल्या सगळ्यात ‘परवडणाऱ्या’ गावांपैकी एक.

आता गणित करू. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं. आठवड्याला साडेसदतीस तास धरले तर वर्षाचे सुमारे २३,८००. बँक साधारण साडेचारपट देते, म्हणजे एक लाख सात हजार. एकट्या किमान वेतनावर टेरेसमधलं घर येतं! लंडनमध्ये हे वाक्य म्हटलं तर लोक हसतील.

अडतं ते पुढे. गोदामातलं काम एजन्सीमार्फत असतं आणि तास दर आठवड्याला बदलतात. मुलं लहान असलेली बाई सोळा-वीस तासच करू शकते. बँकेला मात्र सरळ रेषेतला पगार हवा असतो. आणि घर घेताना आधी भरायचं दहा-अकरा हजारांचं डिपॉझिट साठवायचं कधी, भाडं भरता भरता? माझ्याकडे हिशेबाला येणाऱ्या एका टॅक्सीवाल्याने हप्ता परवडत असूनही सात वर्षं भाडं भरलं, कारण त्याची कमाई रोखीत होती आणि कागदावर दिसत नव्हती. घराची किंमत कमी असणं आणि घर आवाक्यात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाली जे लिहिलं आहे ते बहुतेक सगळं या फरकाबद्दलच आहे.

टेरेस म्हणजे गच्ची ना?

नाही. हा गोंधळ मीही घातला होता. आईला फोनवर सांगितलं, ‘टेरेसचं घर बघितलं’, तर तिने विचारलं, पापड वाळत घालायला जागा किती आहे?

टेरेस म्हणजे भिंतीला भिंत लागलेल्या घरांची सलग रांग. बैठ्या चाळीला वर एक मजला चढवा आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा जिना द्या, तसं काहीसं. दार थेट फुटपाथवर उघडतं. पुढची खोली, मागची खोली, मधून अंगावर येणारा उभा जिना, वर दोन खोल्या. मागे परसात पूर्वी संडास आणि कोळशाची खोली असे. आता तिथे बहुतेकांनी स्वयंपाकघर पुढे काढलेलं असतं. परसामागे बोळ, आणि बोळात कचऱ्याचे चाकांचे डबे.

बर्नलीत या भिंती विटांच्या नसून बऱ्याचदा स्थानिक वाळूच्या दगडाच्या असतात. दिसायला देखण्या, पण आत पोकळी नसलेल्या, त्यामुळे ऊब धरत नाहीत आणि ओल धरतात. घर बघायला जाल तेव्हा फेब्रुवारीत जा. जूनमध्ये सगळीच घरं छान दिसतात. कपाट भिंतीपासून वीतभर ओढा आणि मागे हात लावून बघा. भिंत गार लागली तर ठीक, ओलसर लागली आणि ताज्या रंगाचा वास आला तर समजा की रंग तुमच्यासाठीच मारला आहे. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर पापुद्रे सुटत असतील तर ओल खालून चढते आहे, आणि छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके असतील तर एकतर पन्हळ फुटली आहे किंवा आतली वाफ बाहेर जात नाही. या तिन्हींचे उपाय वेगळे आणि खर्चही वेगळे. विकणाऱ्याचा माणूस तिन्हींना एकच शब्द वापरतो: ‘थोडं कंडेन्सेशन.’

गावात मधेच गवताचे रिकामे पट्टे दिसतात. तिथे काय होतं?

घरं होती. २००० च्या आसपास इथली काही घरं मोटारीपेक्षाही कमी पैशांत जात होती. रांगेतली अर्धी घरं पत्रे ठोकून बंद, आणि एक बंद पडलं की शेजारचंही विकेना. २००२ मध्ये लेबर पक्षाच्या सरकारने उत्तर आणि मध्य इंग्लंडमधल्या नऊ भागांसाठी ‘पाथफाइंडर’ नावाची योजना आणली. पूर्व लँकेशायरच्या तुकडीचं नाव ‘एलिव्हेट’. कल्पना अशी की जादा घरं पाडायची, उरलेली दुरुस्त करायची, काही नवी बांधायची, म्हणजे बाजार आपोआप उठेल.

बाजार उठला खरा, पण तो देशभरच उठत होता. त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं याचा वाद अजून मिटलेला नाही. पाडापाडीत म्हातारी माणसं हलवली गेली. आयुष्यभर हप्ते फेडलेलं घर सरकारने बाजारभावाने घेतलं, पण त्या पैशांत नवं घर येईना, म्हणून सत्तरीत पुन्हा कर्ज. मग २०१० ला सरकार बदललं आणि मार्च २०११ मध्ये योजनाच बंद झाली. पाडून झालं होतं, बांधायचं राहिलं होतं. बर्नली वुडकडे फिरलात तर ते पट्टे दिसतील.

माझं मत विचाराल तर दुरुस्तीचा भाग चांगला होता आणि पाडण्याची घाई वाईट. कौन्सिल अजूनही रिकामी घरं सक्तीने विकत घेऊन, दुरुस्त करून विकते. हे काम सावकाश चालतं, पण माणसं उठवत नाही.

किमती वाढत आहेत का? आत्ता घेतलं तर फायदा होईल का?

२००७ च्या तेजीत घेतलेल्यांना विचारा. २००८ नंतर इथल्या किमती आपटल्या आणि पुन्हा त्याच आकड्यावर यायला जवळजवळ एक तप लागलं. मधली महागाई धरली तर ते लोक अजूनही तोट्यातच. साथीनंतर मात्र झपाट्याने वाढ झाली. स्टॅम्प ड्युटीतली सूट, घरून काम, आणि दक्षिणेतल्या गुंतवणूकदारांना अचानक लागलेला उत्तरेचा शोध. टक्क्यांत बघितलं तर बर्नली कधी कधी देशाच्या यादीत वर झळकतं. नव्वद हजारांवर दहा टक्के म्हणजे नऊ हजार, हे बातमीत लिहीत नाहीत.

व्याजाचं चटकन सांगते. बँक ऑफ इंग्लंडचा दर २०२० मध्ये ०.१ टक्का होता, ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ झाला, आणि ऑगस्ट २०२४ पासून पायरी-पायरीने उतरू लागला. मधे सप्टेंबर २०२२ चं ते तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारचं ‘मिनी बजेट’, ज्यामुळे बँकांनी एका रात्रीत कर्जयोजना मागे घेतल्या. ९९ हजारांच्या तीस वर्षांच्या कर्जाला दोन टक्क्यांनी महिना ३६६ पौंड पडतात, पाच टक्क्यांनी ५३१. घर तेच, भिंतीची ओलही तीच.

भाडं किती पडेल? हप्ता बरा की भाडं?

साध्या दोन बेडरूमच्या घराला आता महिना सहाशेच्या आसपास किंवा थोडं वर धरा. हप्ता त्याहून कमी बसतो हे वर दिसलंच. दुरुस्ती आणि विमा धरून बरोबरीला येतं. दोन वर्षांत गाव सोडणार असाल तर भाड्यानेच राहा.

भाडं वाढण्याची कारणं थोडी समजून घ्या. २०१७ ते २०२० या काळात घरमालकांची कर्जाच्या व्याजावरची पूर्ण करसवलत टप्प्याटप्प्याने काढली गेली. मग व्याज चढलं. बऱ्याच मालकांनी घरं विकली, उरलेल्यांनी भाडं चढवलं. ज्यांचं भाडं सरकारी मदतीतून जातं, त्यांच्या मदतीची कमाल मर्यादा एप्रिल २०२४ मध्ये वाढवली आणि पुन्हा गोठवली. भाडं मात्र कुणी गोठवलं नाही. मधला फरक माणसं जेवणातून आणि गॅसच्या मीटरमधून काढतात. गावातल्या अन्नपेढीसमोरच्या रांगेत नोकरी करणारी माणसं असतात, गणवेशासकट.

मी नवीन आलो आहे. सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देतो म्हटलं तर घर मिळेल?

आतापर्यंत आपले लोक हेच करायचे, कारण इथे पतइतिहास नसतो. आता ते चालणार नाही. भाडेकरूंच्या हक्कांचा नवा कायदा ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला आणि १ मे २०२६ पासून लागू. एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही, जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा जास्त बोली घेता येत नाही, वर्षातून एकदाच भाडं वाढवता येतं, आणि ‘कारण न देता’ घर खाली करायला लावणारं कलम २१ गेलं. कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे, पण नवख्याची एक पळवाट बंद झाली. आता एजंट हमीदार मागतात. तुमच्या विभागातल्या वरिष्ठाला विचारायला लाजू नका. मी स्वतः दोघांना हमीदार राहिले आहे, दोघांनीही वेळेवर भरलं.

डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवून तुम्हाला कागद द्यावा लागतो. आत शिरतानाच प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. माझ्या पहिल्या भाड्याच्या घरात बेडरूमच्या कोपऱ्यात आधीपासून बुरशी होती. निघताना एजंट म्हणाला, तुमच्या फोडणीने झाली. फोनमधला फोटो दाखवला तेव्हा फोडणी निर्दोष सुटली आणि पूर्ण डिपॉझिट परत आलं.

‘सिलेक्टिव्ह लायसन्सिंग’ भाग म्हणजे वाईट भाग का?

२००४ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार कौन्सिल काही वस्त्यांत प्रत्येक खासगी घरमालकाला परवाना सक्तीचा करू शकते. बर्नलीत असे भाग बरेच आहेत. अर्थ इतकाच की तिथे भाड्याची घरं जास्त आणि तक्रारीही जास्त. भाडेकरू म्हणून तुमचा फायदाच आहे. मालकाकडे परवाना आहे का ते कौन्सिलच्या यादीत बघता येतं.

कौन्सिलचं घर मिळेल का?

कामाच्या व्हिसावर असाल तर साधारणपणे नाही. तुमच्या व्हिसावर सरकारी मदत न घेण्याची अट असते. शिवाय १९८० पासून भाडेकरूंना घरं विकण्याच्या धोरणात देशभर वीस लाखांच्या आसपास घरं गेली, आणि बर्नली कौन्सिलने उरलेली २००० साली एका गृहसंस्थेला सोपवली. रांग लांब आहे.

व्हिसावर असताना गृहकर्ज मिळतं?

मिळतं. काही बँका डिपॉझिट जास्त मागतात, काही व्हिसाची ठरावीक मुदत शिल्लक हवी म्हणतात. नव्या नर्सचा सुरुवातीचा पगार (२०२५-२६ मध्ये ३१,०४९ पौंड) बर्नलीसाठी पुरेसा आहे, तेव्हा पगारावरून घाबरू नका. आईवडिलांनी पैसे पाठवले तर ते भेट आहेत, परत करायचे नाहीत आणि घरात त्यांचा हिस्सा नाही, असं पत्र लागतं. वकील त्या पैशांचा उगमही विचारतो. वडिलांनी पीपीएफ मोडला असेल तर त्याचा कागद जपा. ‘घरचेच पैसे आहेत हो’ हे उत्तर इथे चालत नाही.

एक अडचण इथलीच: फार स्वस्त घराला कर्ज मिळत नाही. पन्नास हजारांखालच्या घराला बऱ्याच बँका हातच लावत नाहीत. म्हणजे सगळ्यात स्वस्त घर फक्त रोख पैसेवाल्याला मिळतं, तो ते भाड्याने देतो, आणि ज्याला ते परवडलं असतं तोच त्यात भाडं भरतो.

माझ्या नावावर पुण्यात फ्लॅट आहे. त्याचा इथे काय संबंध?

खूप. याच प्रश्नावर लोक हजारो पौंड घालवतात, म्हणून सावकाश वाचा. राहण्यासाठीचं एकच घर असेल तर १ एप्रिल २०२५ पासून सव्वा लाखापर्यंत स्टॅम्प ड्युटी शून्य, आणि पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला तीन लाखांपर्यंत शून्य. पण जगात कुठेही तुमच्या किंवा तुमच्या नवरा-बायकोच्या नावावर दुसरं घर असेल, तर इथलं घर ‘जादा’ धरतात आणि ३१ ऑक्टोबर २०२४ पासून पूर्ण किमतीवर पाच टक्के जास्त लागतात. १ लाख १० हजारांच्या घराला ५,५०० पौंड. वडिलांबरोबर सामाईक नाव असलं तरी तुमच्या हिश्श्याची किंमत चाळीस हजार पौंडांच्या वर गेली की तो मोजला जातो. खरेदीच्या आधीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस ब्रिटनमध्ये नसाल तर आणखी दोन टक्के. ते नंतर परत मागता येतात, मुक्काम पुरेसा झाला तर.

‘इथे कोणाला कळणार?’ असंही विचारतात. फॉर्मवर सही तुमची असते.

ठाण्यात बसून बर्नलीत दोन घरं घेऊन भाड्याने दिली तर?

आठ टक्के परतावा वगैरे जाहिराती तुम्हीही बघितल्या असतील. त्यात वरचे सात टक्के स्टॅम्प ड्युटी, एजंटची दरमहा टक्केवारी, परवाना, दरवर्षीची गॅस तपासणी, मधले रिकामे महिने आणि छप्पर धरलेलं नसतं. रांगेतली निम्मी घरं कधीही गाव न बघितलेल्या मालकांची असली की रांगेचं काय होतं ते मी रोज बघते: तुंबलेली पन्हळ साफ करायची कुणी, हे ठरायलाच हिवाळा जातो. माझा सल्ला ‘नको’ असा आहे. तुम्ही घेतलंत तर हिशेब ठेवायला मला सांगू नका.

लीजहोल्ड, म्हणजे भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचं घर असेल तर सोडून द्यायचं का?

लंडनच्या फ्लॅटबद्दल वाचलेलं इथे लावू नका. लँकेशायरमध्ये जुनी घरं ९९९ वर्षांच्या लीजवर असणं नेहमीचं आहे, वर्षाचं जमीनभाडंही बऱ्याचदा दोन-चार पौंड. वकिलाला तपासू द्या आणि झोपा. त्यापेक्षा खाणींचा शोध-अहवाल महत्त्वाचा. गावाखाली कोळशाचे बोगदे आहेत, जुने आणि काही नकाशात धड नसलेले. वकील तो अहवाल मागवतोच, फक्त तो वाचा.

मँचेस्टरला रोज जाता येईल का?

टॉडमॉर्डनजवळचा रुळांचा एक छोटासा वळसा पुन्हा जोडला गेल्यावर मे २०१५ पासून मँचेस्टर रोड स्टेशनवरून थेट गाडी मिळते, पाऊण-एक तासाचा रस्ता. त्या स्टेशनाजवळची घरं त्यानंतर चढली. हॉस्पिटलात नोकरी असेल तर मात्र आधी विचारा की ड्युटी बर्नलीत की ब्लॅकबर्नला. अपघात विभाग २००७ पासून तिकडे आहे, आणि सकाळी सातच्या ड्युटीला बस पकडणं हा वेगळाच व्यायाम आहे.

फुटबॉल क्लब प्रीमियर लीगमध्ये गेला की किमती वाढतात म्हणे?

पबमध्ये बिअर वाढते.

तुम्ही स्वतः घेतलंत का?

हो, २०१९ मध्ये. रांगेच्या मधलं, कारण दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची ऊब फुकट मिळते. किंमत ७२ हजार. सर्व्हे स्वस्तातला केला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात, म्हणजे इथे कुठल्याही महिन्यात, छपराचे साडेसहा हजार गेले. ते काम चालू असताना पोटमाळ्यावर पहिल्यांदा चढले. टॉर्च मारला तर मधल्या भिंती अर्ध्यातच संपलेल्या, आणि रांगेतल्या पाच घरांचा माळा सलग एकच. शेजारच्या आजींची नाताळची झाडं, पलीकडच्यांची सुटकेस, त्यावर कराचीच्या विमानाचा जुना टॅग. आगीच्या दृष्टीने ते धोक्याचंच, म्हणून माझ्या दोन्ही बाजूंना भिंत चढवून घेतली. आजींना विचारूनच. त्या म्हणाल्या, चढव, पण माझं एक झाड तुझ्या बाजूला आलंय, ते आधी दे.